वर्गाला सुट्टी कोणी दिली?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी घरात एक प्रकरण चाललं होतं. प्रकरण म्हणजे काय, तर टीव्हीचं! हसू नका. हसायचंच तर वाचून झाल्यावर हसा.

आमच्या 'ह्यां'ना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला, हे नातेवाईक मंडळींना माहीत आहेच. चालणं बरंच सुधारलं, बोलणंही. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असतो. पोळीचे तुकडे मी करून देते, सदऱ्याची बटणं मी लावते. हे सगळं ते मुकाट्याने करून घेतात, पण मनातून त्यांना ते आवडत नाही हे मला कळतं.

एक गोष्ट मात्र त्यांची त्यांना करता येत होती. संध्याकाळी सात वाजता आरामखुर्चीत बसून जुनं नाटक लावणं. सांगलीकर माणूस, नाटकाशिवाय कसं चालणार? गेल्या दिवाळीत मुलगा आला तेव्हा त्याने सगळं मांडून दिलं होतं. या सपाट टीव्हींचा आवाज मागून नाहीतर खालून येतो, त्यामुळे नट पुटपुटल्यासारखे वाटतात. म्हणून टीव्हीखाली साउंडबार. इंटरनेटवरची नाटकं बघायला एक छोटा बॉक्स. म्हणजे रिमोट झाले तीन! पण मुलाने अशी जुळणी केली की बॉक्सच्या रिमोटचं एकच बटण दाबलं की तिघेही जागे, पुन्हा दाबलं की तिघेही झोपलेले. डाव्या अंगठ्याला जमेल एवढंच काम.

फेब्रुवारीत गडबड सुरू झाली. मध्येच नाटक थांबवून हे उठायचे. बाथरूमला जाऊन यायचं, मग चहा, यात अर्धा तास सहज जातो. परत येऊन बघावं तर सगळं बंद. बटण दाबलं की टीव्ही लागायचा, पण साउंडबार कधी उठायचा, कधी नाही.

"माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असेल," हे म्हणायचे.

असं चार-पाच वेळा झालं. मग एके दिवशी सात वाजून गेले तरी रिमोट टेबलावर तसाच.

"अहो, नाटक नाही लावायचं?"

"नको. तू लाव हवं तर. मी हात लावला की बिघडतं."

मंडळी, खरं सांगते, ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, कोणालातरी बोलावून घे." दुरुस्तीवाला आला, दोन मिनिटं इकडेतिकडे बघून "साउंडबार गेलाय, नवा घ्या" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. भाचा म्हणाला, "मामी, सेटिंगमध्ये जाऊन ते सीईसी बंदच करून टाका, कटकट मिटेल." कटकट मिटली असती हो, पण मग पुन्हा तीन रिमोट आले आणि ह्यांची खुर्ची माझ्या हाकेवर आली.

शेवटी नातीला विचारलं. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. "आजी, सीईसी म्हणजे काय ते आधी समजून घे," म्हणाली. तर ते असं. टीव्हीला जी एचडीएमआय केबल लावतात तिच्या टोकाला एकोणीस पिना असतात. चित्र आणि आवाज बहुतेक पिनांवर, पण तेरावी पिन निरोपांसाठी. ही सोय एचडीएमआयच्या 2002 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारकडे उलटा पाठवायची सोय, म्हणजे एआरसी, 2009 मध्ये आली. गोंधळ असा की प्रत्येक कंपनीने सीईसीचं आपापलं बारसं केलंय. कोणी अॅनीनेट प्लस म्हणतं, कोणी ब्राव्हिया सिंक, कोणी सिंपलिंक. सेटिंगमध्ये शोधायला गेलं की म्हणूनच सापडत नाही.

त्या निरोपाच्या तारेवर प्रत्येकाला नंबर असतो. टीव्हीचा शून्य, बॉक्सचा चार, साउंडबारचा पाच. आणि पंधरा नंबरला निरोप दिला की तो सगळ्यांना. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, हा तर हजेरीपट! आणि पंधरा नंबर म्हणजे अख्खा वर्ग. कोणीतरी एक कार्टं "सुट्टी!" म्हणून ओरडतंय आणि सगळा वर्ग दप्तर घेऊन पळतोय. आता ते कार्टं शोधायचं. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञानातलं मला फारसं कळत नाही, पण वर्गात कोण ओरडलं हे शोधायचा अनुभव दांडगा आहे! एकेकाला बाहेर उभं करायचं आणि बाकीच्यांवर नजर ठेवायची.

जुनी वही काढली, तीन रकाने आखले. आधी साउंडबार खरंच गेलाय का ते बघितलं. त्याचा स्वतःचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, तर पुढचा दिवा जांभळट चमकताना दिसला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्या रिमोटवर साउंडबार लगेच लागलाही. म्हणजे तो ठणठणीत होता.

पहिल्या संध्याकाळी बॉक्सची केबल काढून ठेवली आणि टीव्हीवर बातम्या आवाज बंद करून दीड तास ठेवल्या. काही झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी बॉक्स लावला, साउंडबारची केबल काढली. नाटक लावून मध्येच थांबवलं. आधी पडद्यावर डोंगर-समुद्राची चित्रं आली आणि बरोबर वीस मिनिटांनी टीव्ही बंद! तिसऱ्या संध्याकाळी सगळे जोडले, नाटक थांबवलं आणि रिमोट कपाटात ठेवून कुलूप लावलं. वीस मिनिटं. सगळे बंद.

कार्टं सापडलं. बॉक्सला वीस मिनिटं कोणी हात लावला नाही की तो स्वतः झोपायचा आणि झोपता झोपता पंधरा नंबरला सांगून जायचा, "झोपा!" बॉक्सच्या सेटिंगमध्ये झोपण्याची वेळ असते. ती वीस मिनिटांवरून चार तासांवर नेली. सीईसी बंद करायची गरजच पडली नाही.

राहिला साउंडबार. वहीच्या तिसऱ्या रकान्यात मी लाईट जाण्याची वेळ लिहीत होते. बघते तर ज्या दिवशी दुपारी लाईट जाऊन आली, त्याच दिवशी संध्याकाळी तो उठत नव्हता. नात म्हणाली, वीज अचानक जाऊन आली की यांची एकमेकांशी ओळख मोडते, आणि नुसतं रिमोटने बंद करून ती परत होत नाही, कारण तेव्हा ते पुरते बंद नसतातच. म्हणून तिघांचे प्लग भिंतीतून काढायचे, पाच मिनिटं थांबायचं, मग आधी टीव्ही, मग साउंडबार, शेवटी बॉक्स. तसं केलं की आमच्याकडे तो पुन्हा उठतो. आता लाईट गेली की हे काम माझं.

त्या रात्री वही ह्यांच्या पुढ्यात ठेवली. चष्मा लावून त्यांनी तिन्ही दिवसांच्या नोंदी नीट वाचल्या. 'रिमोट कपाटात' या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ थांबले.

"म्हणजे मी नव्हतो," म्हणाले.

"नव्हताच मुळी."

पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेरून साउंडबारचा तो 'टुंग' असा आवाज आला आणि पाठोपाठ हाक, "अगं, लागलं! येतेस का?"

हात तसेच कणकेचे घेऊन गेले आणि पहिला अंक उभ्यानेच बघितला.

असो. तुमच्या घरीही सगळं आपोआप बंद होत असेल तर दुरुस्तीवाल्याच्या आधी घड्याळ बघा. दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी होत असेल, तर चूक कोणाच्या बोटांची नसते. आणि घरातलं कोणी वयस्कर माणूस "माझ्यामुळेच बिघडलं" म्हणत असेल, तर त्याला आधी तेवढं नक्की सांगा.