दोन डोळे, एक चित्र : अर्ध्या मिलिमीटरची डोकेदुखी



व्ह्यूमास्टर आठवतो ना? डोळ्यांना लावायचा, खटका दाबायचा, की ताजमहाल अगदी हात लावावा इतका उठून दिसायचा. त्याच्या गोल चकतीत चित्रं असतात १४, पण दृश्यं मात्र ७ च. प्रत्येक दृश्य दोनदा टिपलेलं असतं, एकदा डाव्या डोळ्यासाठी आणि एकदा उजव्या.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना दिसणारं चित्र किंचित वेगळं असतं. त्या फरकावरूनच मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या साध्या उपकरणाने दाखवून दिलं.

दवाखाना नसेल तेव्हा मी अशाच जोड-स्लाइड्स हाताने बनवतो. माझ्याकडे 'स्टीरिओ रिअलिस्ट' हा दोन लेन्सचा जुना कॅमेरा आहे. हे मॉडेल १९४७ साली अमेरिकेत बाजारात आलं. फिल्म धुऊन आली की प्रत्येक चित्र कापायचं, सुती हातमोजे घालून चिमट्याने उचलायचं आणि लाइट बॉक्सवर फ्रेममध्ये बसवायचं. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते. पट्टी सुलटी केली की डावं चित्र उजवीकडे जातं, म्हणून त्यांची अदलाबदल करावी लागते. ती केली नाही तर खोलीच उलटी होते : मागचा राजगडाचा बालेकिल्ला पुढे येऊ पाहतो आणि समोरची करवंदीची जाळी मागे सरकते!

मग येते खरी कसोटी, ती म्हणजे जुळणी. बालेकिल्ल्याचं टोक दोन्ही चित्रांत एकाच उंचीवर यायला हवं. त्यासाठी मी खाली आखीव रेघांची काच ठेवतो. आडव्या दिशेने थोडं कमी-जास्त झालं तर डोळे सांभाळून घेतात. उभ्या दिशेने मात्र अजिबात नाही.

असं का? जवळचं पाहताना आपले डोळे आत वळतात, लांबचं पाहताना सरळ होतात. दिवसभर ही कसरत चालूच असते. पण एक डोळा वर आणि दुसरा खाली करायची वेळ रोजच्या आयुष्यात येतच नाही. म्हणून उभ्या दिशेचा फरक भरून काढायची डोळ्यांची ताकद फार थोडी असते, बहुतेकांत एक-दोन अंशांपर्यंत. माझ्या व्ह्यूअरमध्ये १ मिलिमीटरचा फरक म्हणजेच साधारण सव्वा अंश होतो.

मी एकदा मुद्दाम एक चित्र अर्धा मिलिमीटर खाली सरकवून पाहिलं. चित्र दोन दिसलं नाही. खोलीही छान दिसत होती. पण आठ-दहा स्लाइड्स तशाच पाहिल्यावर भुवयांच्या वर जडपणा आला आणि थोडं मळमळलं. म्हणजे चित्र एकच दिसत होतं, पण ते एक ठेवण्यासाठी डोळ्यांचे स्नायू सतत राबत होते.

आता हे तुमच्या चष्म्याला लावून पाहा. प्रत्येक काचेला एक प्रकाशकेंद्र असतं आणि ते बाहुलीसमोर यावं लागतं. दोन्ही काचांची केंद्रं सारखीच थोडी खाली असतील तर फारसं बिघडत नाही. पण उणे ६ नंबरच्या चष्म्यात एक केंद्र दुसऱ्यापेक्षा ३ मिलिमीटर खाली असेल, तर दोन चित्रांत साधारण एक अंशाचा उभा फरक पडतो. माझ्या स्लाइडमधल्या पाऊण मिलिमीटरइतकाच! नंबर बरोबर, बीपी बरोबर, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तरी संध्याकाळी डोकं दुखतं. असे रुग्ण आले की मी विचारतो, "चष्मा नवा आहे का? किंवा दांडी वाकली आहे का?" वाचताना थोडा वेळ एक डोळा झाकल्यावर ताण हलका होत असेल, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे निदान नव्हे, पण उपयोगाची खूण आहे.

माझ्या स्लाइड्सनी एकदा वेगळंच काम केलं. ओळखीतल्या पाच वर्षांच्या मुलीला त्या सपाट दिसत होत्या. मोठी भावंडं "बाहेर आलं, बाहेर आलं" म्हणून ओरडत होती आणि ती गप्प होती. तपासणीत एका डोळ्याचा नंबर खूप जास्त निघाला. मेंदूने त्या डोळ्याचं चित्र वापरणंच कमी केलं होतं. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. चष्मा लागला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी सुरू झाली आणि नजर सुधारली. सात-आठ वर्षांच्या आत हे उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण दोन डोळ्यांनी नीट दिसणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक डोळा वेगवेगळा तपासून घ्या.

आणि अचानक एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या तर? एक डोळा झाका, मग दुसरा.

• एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील, तर कारण बहुधा त्या डोळ्यातच असतं : मोतीबिंदू, तिरका नंबर, कोरडेपणा.

• कुठलाही डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर डोळ्यांची जुळणी बिघडली आहे. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे डोळा फिरवणारी नस दुबळी होऊ शकते. अशी नस बहुधा काही महिन्यांत सावरते, पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. त्याच दिवशी दाखवा.

• सोबत तीव्र डोकेदुखी, पापणी पडणं, एक बाहुली मोठी होणं, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली शक्ती जाणं असेल, तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूच्या रक्तवाहिनीचा फुगा किंवा पक्षाघात असू शकतो. स्वतः गाडी चालवू नका.

नवा चष्मा घेताना "सवय होईल" या उत्तरावर आठवडाभर थांबायला हरकत नाही. त्यानंतरही डोकं दुखत असेल, तर दुकानात जाऊन दोन्ही काचांची केंद्रं मोजून मागा. पाच मिनिटांचं काम आहे.