गाय नसलेल्या अंगणातले गवत

गवत म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : वैरण, नाही तर तण. पण गवत मुद्दाम पेरायचे, त्याला खत-चुना द्यायचा, आठवड्याला कापायचे आणि दारात मात्र एकही जनावर नाही, असा मुलूख पाहायचा असेल तर अमेरिकेच्या वायव्य भागात, ओरेगन राज्यातल्या विलामेट नदीच्या खोऱ्यात चला. पोर्टलंड शहर याच खोऱ्यात आहे. त्याच्या पश्चिमेला बीव्हरटन, हिल्सबरो या गावांकडे संगणकाच्या चिपांचे मोठे कारखाने आहेत. आपली मराठी मुलेही तिकडे नोकरीला आहेत. मुलाकडे चार-सहा महिने राहायला गेलात, तर अंगणातल्या हिरवळीशी तुमची गाठ पडणारच.

तिथले पावसाचे गणित आपल्या उलट आहे. पोर्टलंडला वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो ऑक्टोबर ते मे अशा थंडीच्या दिवसांत, भुरभुर, दिवसचे दिवस. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे. असा पाऊस वर्षानुवर्षे झिरपत राहिला की जमिनीतला चुना धुपून खाली जातो आणि जमीन आम्लधर्मी होते. त्यात उंच सूचिपर्णी झाडांची सावली. मग हिवाळा संपता संपता गवत विरळ होते आणि त्या जागी मऊ शेवाळाची गादी पसरते.

नवखा माणूस काय करतो? दुकानातून हिराकस आणून टाकतो. थोड्याच दिवसांत शेवाळ काळे पडते, माणूस खूश होतो. पुढच्या हिवाळ्यात शेवाळ पुन्हा हजर! कारण शेवाळाने गवत मारलेले नसते. गवत उपाशी राहिले, जागा मोकळी झाली, म्हणून शेवाळ आले. ते रोग नव्हे, जमिनीने सांगितलेले लक्षण आहे.

कॉर्व्हॅलिस येथील ओरेगन राज्य विद्यापीठाचा विस्तार विभाग १९११ पासून आमच्यासारखेच काम करतो. त्या भागात जी शिफारस चालते, ती मी तुमच्यासाठी गुंठ्याच्या हिशेबात मांडतो. आधी मातीपरीक्षण. सामू ५.५ च्या खाली असेल तर गुंठ्याला सुमारे २५ किलो चुना. नत्र एका वेळी गुंठ्याला अर्धा किलो, असे एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर मिळून चार हप्ते. म्हणजे हेक्टरी २०० किलो झाले. आपण सुरू उसाला २५० किलो नत्र देतो, त्याच्या जवळपास! विरळ जागी सप्टेंबरच्या सुरुवातीला बारमाही रायगवताचे बी, गुंठ्याला तीन-साडेतीन किलो, आणि सावली करणाऱ्या फांद्यांची छाटणी.

कापणीचा नियम सोपा आहे. गवत दोन इंच ठेवावे आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये. कापलेले गवत गोळा न करता तिथेच पडू द्यावे. ते कुजून जमिनीत जाते आणि नत्राची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. चार हप्त्यांचे दोनच उरतात. गोठ्यात गाय नसली तरी जमिनीच्या तोंडचा घास काढू नये, एवढाच याचा अर्थ.

याच खोऱ्यातले शेतकरी गवताचे बी पिकवतात. तिथला लिन जिल्हा स्वतःला जगाची गवतबियाण्याची राजधानी म्हणवतो. बी काढल्यावर उरलेला पेंढा ते पूर्वी शेतातच जाळत. ३ ऑगस्ट १९८८ रोजी अल्बनी गावाजवळ अशा आगीचा धूर हमरस्त्यावर आला. समोरचे दिसेना. २३ वाहने एकमेकांवर आदळली, सात माणसे मेली. पुढे जाळण्यावर बंधने आली आणि २००९ च्या कायद्याने, काही उताराची शेते व थोड्या जाती सोडल्या तर, ते थांबलेच. आता त्या पेंढ्याच्या गासड्या बांधून जपान-कोरियाच्या गुरांना जातात.

आपल्याकडे उसाचे पाचट जाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. धूर आपल्या बांधावर थांबत नाही, आणि राखेत नत्र उरत नाही. पाचट सरीतच कुजवा.

मात्र तिथली प्रत्येक गोष्ट इथे आणण्यासारखी नाही. कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी असते, तिथे परीक्षण करून चुना देणे योग्य. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत चुना टाकाल तर पैसे घालवून नुकसान विकत घ्याल. पाण्याचेही तसेच. तिथल्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायला आठवड्याला एक इंच पाणी लागते. गुंठ्याला ते अडीच हजार लिटर झाले. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला त्याची किंमत सांगायला नको. तिथेही पुष्कळ लोक उन्हाळ्यात पाणी तोडतात. गवत तपकिरी होते, पण बहुतेक मरत नाही, शरदातल्या पावसाने पुन्हा फुटते.

तेव्हा घरातले कोणी नव्या बंगल्यापुढे हिरवळ करू म्हणाले, तर आधी विहिरीचे पाणी मोजा. पाणी बेताचे असेल तर त्या गुंठ्यात शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावा. आणि शेतात नको ते काही उगवले, तर औषधाची बाटली आणण्याआधी मूठभर माती तपासायला पाठवा.