लय कोणाच्या हाती

पुणे

आदरणीय स्नेही यांस,


शिलाईच्या कारखान्यात दिवसभर गाणी लावून ठेवावीत काय, त्यामुळे काम करणाऱ्या बायकांचे मन रमेल आणि मालाचे उत्पादनही वाढेल काय, हा आपल्या पत्रातील प्रश्न वरवर साधा दिसला तरी त्यात दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. संगीताने माणसाची चित्तवृत्ती बदलते ती कशी, हा पहिला. आणि त्या बदलाचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो, हा दुसरा. पहिल्यावर गेल्या शतकात पुष्कळ संशोधन झाले. दुसऱ्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले, आणि महाराष्ट्रातील दळणाऱ्या बाईने त्याचे उत्तर त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या हातांनी देऊन ठेवले होते. म्हणून विवेचनाचा आरंभ प्रयोगशाळेपासून न करता जात्यापासून करणे योग्य ठरेल.

जात्याची खालची तळी स्थिर असते आणि वरची तळी खुंटा धरून फिरवावी लागते. एका हाताने खुंटा फिरत असताना दुसऱ्या हाताने मधल्या तोंडात मुठीमुठीने दाणे सोडायचे असतात, आणि घास जास्त पडला तर पीठ भरड येते, कमी पडला तर दगडावर दगड घासून कच येण्याची भीती असते. अर्थात या कामाला एक नेमकी, न ढळणारी गती लागते, आणि ही गती भल्या पहाटे, अंधारात, घर जागे होण्याआधी, पायली-दोन पायली ज्वारी संपेपर्यंत टिकवावी लागते. ओवी या गतीतून जन्मते. ग्रंथातल्या ओवीला चरणांचा हिशेब असतो. जात्यावरची ओवी मात्र दगडाच्या फेऱ्यांवर ताणली जाते, म्हणजे शब्द कमी पडले की 'बाई', 'गं' अशी संबोधने घालून ओळ लांबवायची आणि दाणे टाकताना हात अडला की तेथेच स्वर धरून ठेवायचा. दोघी समोरासमोर बसल्या असतील तर एकीने उचललेली ओळ दुसरी झेलते, आणि तेवढ्यात पहिलीला दम घेता येतो. येथे गाणे कामाच्या जोडीला बाहेरून आलेले नसते. खुंट्यावरचा हातच त्याचा ताल धरतो.

या गाण्याचे परिणाम एकापेक्षा अधिक पातळ्यांवर होतात. हाताची गती सम राहते, लक्ष दुखऱ्या खांद्यावरून शब्दांकडे वळते, आणि दिवसाउजेडी सासूसमोर ज्याचा उच्चारही शक्य नसे ते सारे, म्हणजे माहेरची ओढ, भावाची वाट, नवऱ्याचा राग, सासुरवास, पंढरीच्या विठ्ठलाशी केलेले भांडण, जात्याच्या घरघरीच्या आडोशाला राहून बोलता येते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात अशा ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, आणि त्यांत सीतेच्या वनवासाबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्याही ओव्या आहेत. विजेवरच्या पिठाच्या गिरणीने हे गाणे थांबवले असे हळहळून सांगितले जाते. ते खरे असले तरी गिरणीने बायकांच्या खांद्यांची सुटका केली हेही तितकेच खरे आहे, आणि ओवी गोड म्हणून दळणाचे कष्टही गोड होते असे मानणे हा स्वतः कधी न दळलेल्यांचा शौक आहे.

शेतावरच्या कामांतही हीच व्यवस्था दिसते. पिकाच्या कापणीला सगळी ओळ एका वेळी पुढे सरकावी म्हणून भलरी म्हटली जाई. मोटेवरचा गडी बैल धावेवरून खाली उतरताना एक ओळ म्हणे आणि थारोळ्यात पाणी ओतून मोट रिकामी झाल्यावर, बैल मागे सरत असताना, दुसरी. त्यामुळे नाडा आणि सोंदूर यांवर येणारा ताण, जनावराची चाल आणि माणसाचा श्वास हे तिन्ही एका चक्रात बसत. वारीत टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर पावली खेळत जाणाऱ्या दिंडीला आळंदी ते पंढरपूर ही साधारण अडीचशे किलोमीटरची वाट चालायची असते, आणि तेथेही अभंगाची गती ठरते ती चालणाऱ्यांच्या पायांवर.

शरीराचा हा गुण शास्त्राने मान्य केलेला आहे. बाहेरून कानावर पडणाऱ्या नियमित ठोक्याशी शरीराची हालचाल आपोआप जुळू लागते, या प्रवृत्तीला लयानुगमन म्हणता येईल. कानाकडून येणारा संदेश मेंदूतील हालचालीचे नियोजन करणाऱ्या भागांशी घट्ट जोडलेला असल्यामुळे पुढचा ठोका पडण्याआधीच स्नायू त्याची तयारी करतात. अमेरिकेतील मायकेल थॉट यांनी 1990 च्या दशकात याच गुणाचा उपयोग करून अर्धांगवायू आणि पार्किन्सन यांच्या रुग्णांची अडखळणारी चाल ठेक्याच्या आधाराने सुधारता येते हे दाखवून दिले, आणि ती पद्धत आज उपचारात रूढ झाली आहे.

तथापि ठोका ऐकणे आणि ठोका निर्माण करणे यांत फरक आहे, आणि आपल्या प्रश्नाचे मर्म याच फरकात आहे. जर्मनीतील लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत थॉमस फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाची यंत्रे अशा रीतीने जोडली होती की ती ओढण्या-दाबण्याच्या हालचालींतूनच संगीत घडावे. तेच यंत्र, तेवढाच व्यायाम, पण एकदा संगीत नुसते कानावर पडत होते आणि एकदा ते व्यायाम करणाऱ्याच्या अंगातून उमटत होते; दुसऱ्या वेळी बहुतेकांना श्रम कमी जाणवले. जात्यावर बसलेल्या कोणत्याही बाईला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटले नसते.

चित्तवृत्तीविषयीच्या संशोधनातूनही तीच दिशा सूचित होते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील अभ्यासकांनी 2011 साली दाखवले की संगीताने अंगावर शहारा येतो त्या क्षणी, आणि विशेष म्हणजे तो क्षण जवळ येत असल्याची चाहूल लागताच, मेंदूत डोपामिन स्रवते. डोपामिन म्हणजे अपेक्षा आणि सुख यांच्याशी निगडित असलेले रासायनिक द्रव्य. परंतु त्या प्रयोगातील प्रत्येकाने आपल्या आवडीचे संगीत स्वतः निवडून आणले होते, ही बाब वृत्तपत्रांतील मथळ्यांत सहसा गळून पडते.

मोझार्टच्या बाबतीत असेच झाले. 1993 साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका लहान टिपणात 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटे ऐकवल्यावर अवकाशविषयक कोडी सोडवण्यात त्यांची तात्पुरती प्रगती झाल्याचे नोंदवले होते, आणि हा प्रभाव दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नाही हेही त्यातच स्पष्ट लिहिले होते. तरीही त्यावरून तान्ह्या मुलांना मोझार्ट ऐकवण्याचा बाजार उभा राहिला. पुढे ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्यांना संगीताऐवजी गोष्ट ऐकणे आवडत होते त्यांना गोष्ट ऐकूनही तेवढाच लाभ झाला. म्हणजे गुण मोझार्टचा नव्हता. मन प्रसन्न आणि किंचित उत्तेजित झाले की माणूस थोडा वेळ अधिक चांगले काम करतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे रागांच्या समयचक्राविषयी असेच काहीसे घडते. सकाळच्या रागाने सकाळ झाल्यासारखे वाटते यात स्वरांचा भाग असेलही, पण घराघरांत आकाशवाणीवरील सकाळच्या भक्तिगीतांनी घड्याळाचे काम जितकी वर्षे केले तितक्या वर्षांच्या सवयीचा भाग त्यात मोठा असला पाहिजे.

कारखान्यातील संगीताचा इतिहास मात्र निवडीचा इतिहास नाही. अमेरिकी लष्करातील अधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी 1922 साली तारेवाटे संगीत पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला, 1934 साली त्याला 'म्यूझॅक' हे नाव मिळाले, आणि पुढे या कंपनीने पंधरा-पंधरा मिनिटांचे असे संच रचले की त्यांत प्रत्येक गीत आधीच्यापेक्षा किंचित अधिक उत्तेजक असे व प्रत्येक संचानंतर तेवढाच वेळ शांतता राही. कामगार पेंगुळतो ती वेळ हेरून त्याला हलकेच पुढे ढकलणे, हे त्यामागचे उद्दिष्ट होते. ब्रिटनमध्ये युद्धकाळात, जून 1940 मध्ये, बीबीसीने 'म्यूझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला आणि तो 1967 पर्यंत चालला. त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत: गती सम असावी, आवाज एकदम चढू-उतरू नये. एक लोकप्रिय अमेरिकी गीत तर त्यातून वगळावेच लागले, कारण त्यातील टाळ्यांच्या जागी कामगार यंत्रावरचे हात काढून टाळ्या वाजवू लागत. जात्यावर असा प्रश्नच उद्भवला नसता, कारण तेथे हात आणि गाणे एकच होते.

बाजाराने हे तत्त्व ग्राहकावरही वापरले. रोनाल्ड मिलिमन यांनी 1982 साली एका सुपरमार्केटमधील अभ्यासात नोंदवले की संथ संगीत चालू असताना लोक दुकानात रेंगाळतात आणि जलद संगीताच्या तुलनेत विक्री सुमारे 38 टक्क्यांनी वाढते. येथे चित्तवृत्ती ग्राहकाची बदलली आणि गल्ला दुकानदाराचा भरला.

आता कारखान्यापुरते. शिलाई मशीनवर बसलेल्या कारागिराची लय पायाखालचा पेडल आणि शिवणीची लांबी यांवर ठरते; सरळ शिवणीला ती धावते, कॉलरच्या कोपऱ्यावर ती थांबते. अशा हाताला बाहेरच्या जलद गाण्याने ओढले तर टाके चुकण्याचा संभव अधिक, आणि मजुरी नगावर असेल तर वाढलेल्या वेगाचा मोबदला तरी कारागिराच्या हाती पडतो. मजुरी दिवसावर असेल तर तोही नाही. कटिंगच्या टेबलावर आणि नग मोजणाऱ्यांजवळ शब्द असलेली गाणी मुळीच नसावीत, कारण मोजणे, वाचणे आणि मनात शब्द धरणे या कामांत ऐकू येणारे शब्द थेट आड येतात. काज-बटण, इस्त्री, घडी घालणे या एकसुरी कामांना मात्र गाण्याचा खरा आधार होतो. यंत्रांच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवण्याचा मोह टाळावा. आठ तासांच्या कामासाठी 85 डेसिबल ही साधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि मशीनांच्या आवाजात गाण्याची भर पडली की ती सहज ओलांडली जाते.

क्यूबातील चिरूट वळणाऱ्या कामगारांनी 1865 पासून एक निराळी पद्धत रुजवली. काम चालू असताना त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक असे, त्याचे वेतन कामगार स्वतःच्या कमाईतून देत, आणि कोणते पुस्तक वाचायचे हेही तेच ठरवत. मालकांना आणि सरकारला ही प्रथा वेळोवेळी खुपली, यावरून तिचे बळ ध्यानात येते. तेव्हा गाणी लावायचीच असतील तर ध्वनियंत्र कार्यालयात न ठेवता मशीनांच्या रांगेत ठेवावे, दर आठवड्याला एकेका रांगेकडे निवड सोपवावी आणि ते बंद करण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच असू द्यावा. दुपारच्या जेवणानंतरचा तास वगळता उरलेला वेळ बायकांनी यंत्र बंदच ठेवले आणि आपापसांत गुणगुणणे किंवा बोलणे पसंत केले, तर त्यात आपण हस्तक्षेप करू नये. मुकादमाला हे पटणार नाही. त्याची समजूत काढण्याचे काम अर्थात आपल्याकडेच राहील.



आपला स्नेहांकित