सशाच्या केसांची माशी

हिमाचलातील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक असताना एक सुटी मी तीर्थन नदीकाठी काढली. बरोबर एका दिवंगत कविमित्राच्या कवितांच्या माझ्या इंग्रजी अनुवादाचे बाड होते. हयात असताना ते वाचून तो एवढेच म्हणाला होता, "शब्द सगळे आले रे, कविता मात्र अलीकडेच राहिली." पुढे त्याला आयुष्य पुरले नाही आणि मला धीर झाला नाही.

माझ्या वृद्ध यजमानांना ट्राउट पकडण्याचा नाद होता. हा मासा मूळचा इथला नव्हे. इंग्रजांनी तो हिमालयातील नद्यांत आणून सोडला आणि त्याला भुलवणारी कृत्रिम माशी बांधण्याची कलाही त्याच्यामागोमाग आली. एका संध्याकाळी त्यांनी मला माशी बांधायला बसवले. लहानशा व्हाइसमध्ये गळ पकडायचा, मेण लावलेल्या धाग्यावर सशाच्या कानाजवळचे केस पिळून तिचे अंग करायचे आणि त्यावर सोनेरी तारेचे विरळ वेढे द्यायचे. माझ्या माशीचे केस चहूकडे बाहेर आले. ते छाटण्यासाठी मी कात्री उचलली, तोच त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या, प्रोफेसरसाहेब. हे केस प्रवाहात हलतात, म्हणून ती जिवंत वाटते. तुम्ही तिला वरून पाहता. मासा खालून पाहतो."

मग त्यांनी हॅलफर्डची हकीकत सांगितली. तरंगत्या माश्यांवर १८८६ साली ग्रंथ लिहिणारा हा इंग्रज हुबेहूब अनुकृतीचा कट्टर पुरस्कर्ता होता. सशाच्या केसांच्या माशीने त्याला उत्तम यश दिले होते. पण ती नेमक्या कोणत्या कीटकाची प्रतिकृती, हे सांगता येईना, म्हणून अखेर त्याने ती वर्ज्य केली. माशांची तिच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती!

मी हसलो खरा; पण रात्री बाड उघडल्यावर ते हसू मावळले. ओळीओळीत मी मूळ कीटकाचे पाय मोजून बसवले होते. वाचक कोठून पाहणार आहे, याचा विचार कोठेच नव्हता. माशीच्या पोटात गळ असतो, हे मी विसरत नाही. अनुवादकाच्या मनातही नावलौकिकाचा गळ असतोच.

सकाळी एकही मासा लागला नाही. पहिल्या कवितेच्या सात ओळी मात्र मी खोडल्या आणि नव्याने लिहिल्या. त्या कशा उतरल्या, हे सांगणारा आता कोणी नाही.