कयाधूकाठचे न उरलेले कापड

१/ तेराव्या शतकातील शिंप्याच्या घरातले कापड आज कोठे पाहावे? हिंगोली जिल्ह्यातून वाहणाऱ्या कयाधूच्या काठी नर्सी हे गाव आहे. परंपरेनुसार १२७० मध्ये येथे दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी संत नामदेवांचा जन्म झाला. त्या घरात मोजले, कातरले, शिवले गेलेले वस्त्र मात्र दाखवता येत नाही.

२/ कारण साधे आहे. सुती वस्त्र ओल, बुरशी आणि वाळवी यांपुढे टिकत नाही. चार महिने पाऊस झेलणाऱ्या काळ्या जमिनीत ते मातीच होऊन जाते.

३/ मध्ययुगीन भारतीय सुती कापड पाहायचे तर ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात जावे लागते. इजिप्तविद्येचे अभ्यासक पर्सी न्यूबेरी यांनी इजिप्तमध्ये जमवलेले बाराशेहून अधिक तुकडे तेथे आहेत. हाती विणलेल्या कापडावर ठशांनी नक्षी छापलेली; रंग मुख्यतः निळा आणि तांबडा.

४/ कार्बन-कालमापनाने त्यांतील काही तुकडे नामदेवांच्याही आधीचे ठरले आहेत. अभ्यासकांच्या मते त्यांचे मूळ प्रामुख्याने गुजरातेत आहे. त्यामुळे मराठवाड्याने त्यांवर हक्क सांगू नये. पण त्या युगाच्या सुती वस्त्राची कल्पना मात्र त्यांवरूनच येते.

५/ अशा चिंध्या मोठ्या प्रमाणावर कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या नगराच्या अवशेषांत सापडल्या. त्या कोणी मोलाच्या मानून जपल्या नव्हत्या. वापरून टाकून दिल्या गेल्या आणि कोरड्या मातीने त्या राखल्या.

६/ हिंगोलीत टिकला तो दगड. औंढा नागनाथाचे कोरीव मंदिर यादवकाळाची साक्ष देते. परंतु केवळ दगड पाहणाऱ्याला तो काळ राजे आणि शिल्पी यांचाच वाटू लागतो. सूत कातणारी, विणणारी, शिवणारी माणसे नजरेआड होतात.

७/ त्यांची खूण शब्दांत उरली. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची अवजारे भक्तीची रूपके होऊन येतात. वस्त्र गेले, पण ते शिवणाऱ्याची भाषा पंजाबपर्यंत पोहोचली.

८/ फुस्तातच्या काही तुकड्यांवर शिवणीचे टाकेही दिसतात. नक्षीकडे सर्वांचेच लक्ष जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या टाक्यांपाशीही क्षणभर थांबावे. ते घालणाऱ्या हातांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.