बिघडलेल्या हिशेबफाइलची दुरुस्ती

संगणकावरचा हिशेब दोन तऱ्हांनी बिघडतो. कधी फाइलच बिघडते: प्रोग्राम ती उघडत नाही, उघडताना अडकतो किंवा अर्ध्यात बंद पडतो. कधी फाइल धडधाकट असते आणि आतला हिशेब चुकलेला असतो: शिल्लक पासबुकाशी जुळत नाही, एकच नोंद दोनदा दिसते, एखादा महिना गायब असतो. पहिल्या बिघाडात माणूस घाबरून कोणाला तरी बोलावतो. दुसरा वर्षभर ध्यानातही येत नाही, आणि पैशाचे नुकसान बहुतेक त्यानेच होते. पहिल्याची दुरुस्ती घाईने केली, तर त्यातूनच दुसरा जन्माला येतो.

कर्जत-खालापूर पट्ट्यात फाइल बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लाइट. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ चे. मुंबईला वीज पाठवण्याचे काम हे दोन तालुके शंभर वर्षांपासून करत आहेत. तरीही मृगाचा पाऊस सुरू झाला की कडाव, कशेळे, चौक, वावोशीकडे लाइट जाते, दोन मिनिटांत येते, पुन्हा जाते. हिशेबाचा प्रोग्राम एक नोंद साठवतो तेव्हा ती एकाच जागी लिहीत नाही. व्यवहार एकीकडे, खात्याची शिल्लक दुसरीकडे आणि कोणती नोंद कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका तिसरीकडे लिहिली जाते. त्यातले एक लिहून झाले आणि बाकीचे राहिले, की फाइलचे भाग एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतात. शिवाय पडद्यावर नोंद साठवल्याचे दिसले तरी ती काही क्षण स्मृतीतच असू शकते, डिस्कवर पोहोचलेली नसते.

घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल तर इन्व्हर्टरचे एक बटण तपासावे. बहुतेक इन्व्हर्टरांना साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. साध्या मोडवर लाइट गेली तरी पंखा फिरत राहतो, पण त्या बदलाच्या क्षणी संगणक रीस्टार्ट होतो. स्वतंत्र यूपीएस असलेल्या दुकानातही दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी बसते, आणि ते कळते भर पावसातच. बाकीची कारणे माहितीतली आहेत: पेन ड्राइव्हवर थेट काम करून तो तसाच उपटणे, एकच फाइल वायफायवरून दोन लॅपटॉपवर उघडणे, हिशेबाचा फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या आपोआप जुळणीत ठेवणे. हा शेवटचा उपाय सुरक्षिततेसाठी केला जातो आणि घात करतो. चालू फाइलचे तुकडे वेगवेगळ्या वेळी वर चढतात, आणि दोन संगणकांच्या दोन आवृत्त्यांत भांडण लागते.

बिघाड दिसला की आधी प्रोग्राम बंद करावा आणि हिशेबाचा पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नकलून घ्यावा. पूर्ण फोल्डर, एकटी मुख्य फाइल नव्हे; तिच्याशेजारच्या निरर्थक नावाच्या छोट्या फाइलींत पुष्कळदा दुरुस्तीची किल्ली असते. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करावेत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा नक्कल करताना ती वारंवार थांबत असेल, तर विंडोजची चेकडिस्क लगेच चालवू नये. मरणाला टेकलेल्या डिस्कवर त्या तपासणीचा ताण पडतो, आणि वाचता न आलेले भाग ती परस्पर तोडून टाकू शकते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीने दाखवले त्याप्रमाणे पाणी कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंतही येते. भिजलेला संगणक चालतो का, हे बटण दाबून पाहू नये. डिस्क काढून जाणकाराकडे द्यावी.

कालचा बॅकअप आजच्या बिघडलेल्या फाइलवर उतरवणे ही दुसरी घोडचूक. बॅकअपही बिघडलेला निघाला तर दोन्ही हातचे जातात. तो नेहमी वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावा.

इथून पुढे कोणता प्रोग्राम आहे त्यावर काम ठरते. दुकान, भातगिरणी किंवा फार्महाउसचा धंदा आणि घरखर्च एकत्र ठेवणाऱ्यांकडे बहुधा टॅली असते. टॅली प्रत्येक कंपनी आकड्यांचे नाव असलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. ईआरपी ९ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून करायच्या दुरुस्तीला ‘रिराइट’ म्हणत. २०२० मध्ये आलेल्या टॅली प्राइममध्ये तिला ‘रिपेअर’ म्हणतात. जुने नाव जास्त खरे होते. या क्रियेत प्रोग्राम एकेक खाते आणि एकेक व्हाउचर वाचून नव्याने लिहितो. जे वाचता आले नाही ते नव्या फाइलीत येतच नाही. म्हणून शेवटचा चांगला बॅकअप उघडून स्टॅटिस्टिक्सच्या पानावर व्हाउचर किती, खाती किती ते लिहून घ्यावे आणि दुरुस्तीनंतर ताडून पाहावे. व्हाउचरच्या अनुक्रमांकांत खंड पडला असेल तर गळलेली नोंद तिथेच सापडते. ताळेबंदात सुरुवातीच्या शिल्लकेतील फरकाची ओळ नव्याने उगवली असेल, तर एखाद्या खात्याची आरंभीची रक्कम हरवली किंवा बदलली असे समजावे.

ग्नूकॅश हा फुकट मिळणारा प्रोग्राम याबाबतीत फार सोशिक आहे. फाइल साठवताना तो जुनी प्रत तारीख-वेळेच्या नावाने शेजारी ठेवतो, आणि बदलांची एक लॉग फाइलही लिहितो. मुख्य फाइल गेली तर शेवटची चांगली प्रत उघडून तिच्यावर लॉग पुन्हा चालवता येतो. लाइट जाण्याआधीच्या दहा नोंदीही परत मिळतात. त्याच्या ‘तपासा आणि दुरुस्त करा’ या सोयीने एकांगी नोंदी ‘इम्बॅलन्स’ किंवा ‘ऑर्फन’ नावाच्या खात्यात जमा होतात. हे प्रामाणिक वर्तन आहे: प्रोग्राम अंदाज बांधत नाही, चुकीला नाव देऊन समोर ठेवतो. ती खाती रिकामी होईपर्यंत दुरुस्ती संपलेली नसते. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली, तरी परदेशातून परतलेल्या एखाद्या कुटुंबाकडे तिची जुनी फाइल निघू शकते. ती डागडुजी करून वापरत राहण्यापेक्षा क्यूआयएफ स्वरूपात बाहेर काढलेली बरी. मात्र त्यात एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेली रक्कम दोन्ही खात्यांसोबत बाहेर पडते, आणि नव्या प्रोग्राममध्ये दोनदा मोजली जाऊ शकते.

एक्सेलचा घोटाळा निराळाच आहे, आणि घराघरांतला हिशेब तर त्यातच असतो. फाइल उघडली नाही तर ‘ओपन अँड रिपेअर’ पुष्कळदा पुरते. खरा धोका उघडणाऱ्या फाइलीत. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. बँकेने दिलेली सीएसव्ही फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडली, की त्याहून लांब खातेक्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात आणि सुरुवातीची शून्ये उडतात. तीच फाइल साठवली की मूळ आकडे कायमचे गेले. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर ३ एप्रिलचा हप्ता ४ मार्चला जातो आणि आर्थिक वर्षच बदलते. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र बदलत नाहीत, आणि चूक ओळखू येते ती याच विसंगतीवरून. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली असतील, तर फाइल युनिकोडऐवजी दुसऱ्या सांकेतिक पद्धतीत साठवली गेली आहे. प्रश्नचिन्हांतून अक्षरे परत येत नाहीत, मूळ फाइलच शोधावी लागते.

प्रोग्राम उघडला आणि ताळा जुळला, म्हणजे हिशेब बरोबर असे नाही. दुहेरी नोंदीत चुकीची रक्कमही दोन्ही बाजूंना सारखीच चुकते. म्हणून साक्ष संगणकाबाहेरची लागते: पासबुक, बँकेचे स्टेटमेंट, कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, जीएसटीची भरलेली विवरणपत्रे, बचतगटाच्या वहीतली सह्यांची पाने. सगळे एकदम ताडत बसू नये. ३१ मार्चची शिल्लक जुळते आणि पुढच्या ३१ मार्चची जुळत नाही, तर ३० सप्टेंबरची पाहावी. ती जुळली तर चूक नंतरच्या सहामाहीत, नाही तर आधीच्या. असे निम्मे-निम्मे करत गेले की हजार नोंदींतली एक चूक दहाव्या खेपेला हाती लागते. चुका दोन असतील तर पहिली सुधारून हाच खेळ पुन्हा मांडावा.

फरकाचा आकडाही बोलका असतो. त्याला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा: ५,६४० च्या जागी ५,४६० लिहिले की फरक १८०. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली तर जमा-नावेची उलटापालट झाली का ते पाहावे. पूर्ण फरकाइतकी नोंद सापडली तर ती दुबार किंवा गाळलेली. ही मुनीमजींची जुनी रीत, संगणकाने ती बाद केलेली नाही. यूपीआयच्या व्यवहारांत आणखी एक सोय आहे. प्रत्येकाला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो, त्यामुळे नेरळच्या एकाच दुकानात एकाच दिवशी दोनदा दिलेले ५० रुपये खरेच दोनदा दिले की फाइल दोनदा चढवली, हे वादाविना ठरते. दुबार नोंदी रक्कम आणि तारीख पाहून पुसणारे खरे व्यवहारही पुसतात.

कधीकधी दुरुस्ती सोडून देणेच शहाणपणाचे असते. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या फाइलवर रिपेअरचा उपयोग नसतो. दुरुस्तीनंतर प्रत्येक महिन्याला वेगळाच फरक निघत असेल, तर त्या फाइलीवर विसंबू नये. शेवटच्या जुळलेल्या तारखेची शिल्लक आरंभीची म्हणून घ्यावी, नवी फाइल उघडावी आणि पुढच्या नोंदी स्टेटमेंटवरून पुन्हा भराव्यात. नोकरीसाठी रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या घराचा वर्षाचा हिशेब असा दोन-तीन रविवारांत उभा राहतो. रोखीचा खर्च तेवढा सापडत नाही. तो ज्या-त्या खात्यावर अंदाजाने न टाकता ‘न लागलेला खर्च’ म्हणून एकाच ओळीत दाखवावा, आणि बिघडलेली मूळ फाइल न पुसता तारीख घालून बाजूला ठेवावी.