तरफेची बंदूक

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून 'पहिल्या' वस्तूंची एक परंपरा चालत आलेली आहे. आजोबांच्या काळी पहिली पाटी, पहिली सायकल आणि पहिले फाउंटनपेन अशी तिची पायरी होती. आज वस्तूंची नावे बदलली, तरी परंपरा कायम आहे. या यादीत बंदूक मात्र कधीच नव्हती. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची म्हणून आपण विळी, कात्री, पान्हे आणि अलीकडे स्कूटरची किल्लीसुद्धा पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो आणि पूर्वजांच्या शौर्याचे ऋण फिटले असे समजतो. अशा घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीने एके दिवशी "मला बंदूक हवी" असे म्हणावे, ही गोष्ट घरच्या मंडळींना भूकंपासारखी वाटली तर त्यात नवल नाही.

ही मुलगी म्हणजे माझी पुतणी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून तिच्या मनात हे बीज पडले होते. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या, हेही तिने शोधून काढले. परंतु नेमबाजीची प्रेरणा कोल्हापूरची असली, तरी बंदुकीचे चित्र तिने अमेरिकन चित्रपटांतून उचलले होते. "काका, ती खाली दांडी असते ना, खट्‌कन ओढली की पुन्हा तयार! तसलीच हवी." महाविद्यालयात असताना एन. सी. सी. मध्ये मी काही दिवस पॉइंट टू-टू रायफल चालवलेली. त्या भांडवलावर घरच्या पंचायतीने निवडीचे काम माझ्याकडे सोपवले.

ही दांडी म्हणजे शाळेत आपण जिला तरफ म्हणून शिकलो तीच. चापाच्या भोवतालचे कडे लांबवून ती केलेली असते. ती खाली ओढली की आतला अडसर मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर उडते, घोडा चढतो. ती वर घेतली की नवे काडतूस नळीत जाऊन अडसर बसतो. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली अशी रायफल सिद्ध केली. तिच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत काडतुसांची रांगच भरून ठेवता येई. पुढे विंचेस्टरच्या कारखान्यातून १८७३ चा प्रसिद्ध नमुना निघाला आणि १८९४ चा नमुना तर जॉन ब्राउनिंगसारख्या अलौकिक कारागिराच्या डोक्यातून उतरला. या साऱ्या कल्पकतेचा हेतू एकच होता: एक बार आणि दुसरा बार यांच्यामधला वेळ शक्य तितका कमी करणे. बाराची दारू नि गोळी गजाने ठासून भरणाऱ्या माणसाला दोन बारांच्या मध्ये विचार करायला, पश्चात्ताप करायला किंवा पळून जायला भरपूर अवकाश असे. तरफेने तो अवकाश नाहीसा केला.

मौज अशी की, सैन्यांनी या बंदुकीला फारसे जवळ केले नाही. जमिनीवर पालथे पडून नेम धरणाऱ्या शिपायाची तरफ मातीवर आपटे, आणि काडतुसे एकामागे एक ठेवलेली असल्यामुळे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकून आतल्या आत स्फोट होण्याचे भय असे. इंग्रजांनी १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीलाही खाली तरफ होती. पण ती दर खेपेस एकच काडतूस घेई. तिच्या नावातला हेन्री हा एडिनबरोचा, अमेरिकेतला नव्हे. म्हणजे तरफ तीच, नावही तेच, पण एक बंदूक घाईची आणि दुसरी सावकाशीची. हा भेद वाचताना मला केवळ गमतीचा वाटला होता; पुढे निवडीच्या वेळी तोच उपयोगी पडला.

परंतु आधी या देशात बंदूक घेणे म्हणजे काय, ते पाहायला हवे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सरकारने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट दिली. या अपमानाविरुद्ध काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव केले. आपल्या पणजोबांच्या पिढीला शस्त्राचा परवाना हा पुरुषार्थाचा प्रश्न वाटत होता. स्वराज्य आले, १९५९ चा नवा कायदा आला, गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. पण परवान्याचे बंधन राहिले आणि ते राहिले हे बरेच झाले, असे आज आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका माणसाला दोनांहून अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, तो मागणाराचे वय एकवीस असावे लागते आणि बंदूक का हवी याचे सबळ कारण सांगावे लागते. मिळालाच परवाना, तर सरकारी कारखान्याची पॉइंट तीन-एक-पाचची रायफल घ्यावी. तिला तरफ नाही, खिटी आहे. सारांश, विंचेस्टरचे स्वप्न मुलुंडच्या रेल्वे फाटकापर्यंतही पोचण्यासारखे नव्हते.

याच सुमारास वहिनींनी एक वेगळा मुद्दा काढला. "भावजी, घ्यायचीच तर खरी घ्या. आपल्या मागे डोंगर आहे. बिबट्या खाली उतरला तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मुलुंड पूर्वेकडून आणि बोरिवली पश्चिमेकडून ज्या डोंगराला टेकली आहे, ते राष्ट्रीय उद्यान सुमारे एकशे चार चौरस किलोमीटरांचे आहे आणि बिबटे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९२९ साली याच टापूत, विहार तलावाजवळ, वाघ मारला गेल्याची नोंद आहे. त्या काळचा मुंबईकर साहेब रविवारी शिकारीला साष्टीत येई. बिबट्यांचे भय तर आपल्या पिढीने पाहिले आहे: २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत अनेक माणसे बळी गेली आणि २०२१ मध्ये आरे वसाहतीत पुन्हा हल्ले झाले.

पण या दुःखातून जे शहाणपण आले, ते बंदुकीचे नव्हते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झालीच होती. शिवाय विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, बिबट्या पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्याने संकट कमी न होता वाढू शकते. उकिरडा साठला की कुत्री जमतात, कुत्र्यांमागून बिबट्या येतो. म्हणून कचरा उचला, रस्त्यावर दिवा लावा, अंधारात लहान मुलाला एकटे पाठवू नका, हा त्यावरचा उपाय. बिबट्यापासून रक्षण करायला वहिनींना रायफलीपेक्षा झाडूवाला अधिक उपयोगी आहे, असे मी म्हणालो, तेव्हा त्या हसल्या. पण दुसऱ्याच दिवशी गृहसंस्थेच्या चिटणिसांना कचऱ्याबद्दल त्यांनी जे ऐकवले, ते ऐकून कोणताही बिबट्या आल्या पावली परतला असता.

म्हणजे मारण्याचे कारण गेले, रक्षणाचे कारणही गेले. उरले ते निव्वळ नेमाचे. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर अंजली भागवत यांच्यासारख्या मुंबईच्या मुली घडल्या आणि २००० साली सिडनीच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. तेथे नवशिक्याच्या हाती देतात ती हवेची बंदूक. २०१६ च्या नियमांप्रमाणे वीस जूलांच्या आतल्या शक्तीच्या आणि साडेचार मिलिमीटरांहून रुंद नळी नसलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. सामन्यांतल्या बंदुकीची शक्ती तर साधारण सात-आठ जूलच असते. तरीही ती खेळणे नव्हे. जवळून तिचा छर्रा डोळा घालवू शकतो.

फोर्टमधल्या एका जुन्या दुकानात पुतणीला घेऊन मी गेलो. वृद्ध दुकानदाराने तिला बंदुकीचे नाव विचारले नाही. दस्ता तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवला आणि बोट चापापर्यंत सहज पोचते की नाही, एवढेच पाहिले. पहिल्या बंदुकीबद्दल यापेक्षा चांगला उपदेश मी कोठे वाचलेला नाही. कारखान्याची कीर्ती, लाकडाची झिलई, दुर्बीण या साऱ्या नंतरच्या गोष्टी. दस्ता लांब असेल तर मूल मान वाकडी करून नेम धरायला शिकते आणि ती वाकडी सवय जन्मभर सुटत नाही. वजनाचेही तेच. सामन्यात साडेपाच किलोपर्यंत बंदूक चालते. चौदा वर्षांच्या खांद्याला तितकी देणे म्हणजे शिक्षण नव्हे, शिक्षा आहे.

मग त्याने तीन बंदुका पुढे ठेवल्या. पहिलीची नळीच मधून मोडून स्प्रिंग दाबायची. ही स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी, पण दर बाराला नळी हलत असल्याने ती नेमकी पूर्वीच्याच जागी बसावी लागते. तिसरीत हवेची नळकांडी भरलेली; छर्रा घालावा आणि चाप ओढावा, श्रम काहीच नाहीत. मधली मात्र पुतणीच्या स्वप्नातली होती: नळी पक्की आणि तिच्याखाली एक लांब तरफ. ती पूर्ण खाली ओढली की आतली स्प्रिंग दबते. दुसऱ्या हाताने तरफ घट्ट धरून ठेवायची, छर्रा घालायचा, मग सावकाश तरफ जागी न्यायची. पुतणीने ओढून पाहिली. पहिल्यांदा अर्ध्यावर अडली. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन तिने ती पुरी उतरवली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

"हवेची नळकांडी घ्या, मुलगी थकणार नाही," असे दुकानातला दुसरा एक गिऱ्हाईक म्हणाला. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पुढे सामन्यांत उतरायचे तर ती बंदूक लागेलच. पण माझ्या मनात त्या क्षणी दादाचे शब्द होते. घरात या खरेदीला विरोध होता तो त्याचाच. तो म्हणाला होता, "अरे, राग हा पाहुणा आहे, तो प्रत्येक घरात यायचाच. आपली पोर तर फार लवकर तापते. पाहुण्याच्या हाती लागेल असे घरात काय ठेवावे, एवढाच माझा प्रश्न आहे." या प्रश्नाला कायद्याचे उत्तर पुरे पडत नव्हते. बंदूक कुलपात राहील, छर्रे निराळ्या कुलपात राहतील, बाल्कनीतून कावळ्या-कबुतरांवर नेम धरायचा नाही, रेंजखेरीज ती बाहेर काढायची नाही. हे नियम मी लिहून दिले आणि दादाने ते कपाटावर चिकटवले. पण नियम बाहेरून राखण करतात. आतून राखण करणारे काहीतरी मला बंदुकीतच हवे होते.

ते मला तरफेत दिसले. विंचेस्टरच्या तरफेने दोन बारांमधला अवकाश नाहीसा केला. या बंदुकीची तरफ तो परत देते. एक बार झाला की खांद्यावरून बंदूक उतरवा, सारे बळ लावून तरफ ओढा, छर्रा घाला, हात धुतल्यासारखा श्वास सोडा आणि मग पुन्हा नेम धरा. चापालाही दोन मुक्काम असतात: पहिल्यावर बोट थांबते, दुसऱ्यावर बार सुटतो. बार सुटल्यावरही क्षणभर हलायचे नाही, कारण छर्रा अजून नळीत असतो. थांबणे बाराच्या आधी, थांबणे बाराच्या नंतर; उरलेल्या निमिषमात्रात काय ती नेमबाजी. दहा मीटरांवरचे काळे वर्तुळ अवघे साडेतीस मिलिमीटरांचे आणि त्याच्या मध्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सामन्यात साठ बारांना पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे एका बाराला सव्वा मिनिट. रागाला सव्वा मिनिट थांबवता आले, तर तो बहुधा राग राहत नाही.

मधलीच बंदूक घेतली. पहिल्या महिन्यात पुतणीचे छर्रे कागदाच्या कडांवर विखुरले आणि दंड दुखतो म्हणून तिने कुरकुरही केली. पुढे एके दिवशी आईशी कडाक्याचे भांडण करून ती रेंजवर आली. माझी छाती धडधडली हे खरे. तिने तरफ ओढली, छर्रा घातला, बंदूक खांद्याला लावली आणि पुन्हा खाली ठेवली. "काका, आज हात स्थिर नाही," असे म्हणून तिने बंदूक पेटीत घातली आणि पाणी प्यायला निघून गेली.

त्या दिवशी तिचा एकही गुण झाला नाही. दादाला मी ही हकिकत सांगितली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कपाटावरच्या नियमांच्या कागदाची सुटलेली एक कड त्याने अंगठ्याने नीट दाबून बसवली. शस्त्र हाती असून न चालवण्याची मुखत्यारी ज्याच्याकडे आहे, त्याच्याच हाती शस्त्र शोभते, हे आपल्याकडे पुष्कळांनी सांगून ठेवले आहे. बाजारात पहिली बंदूक निवडताना मात्र त्याचा अर्थ अगदी साधा होतो: जी मुलाला दर खेपेस थांबायला लावील, ती घ्यावी.